पोश्वार चित्राला पाणी लावू नका

श्रावण लागला की घरोघरी चतुर्थीची साफसफाई सुरू होते आणि पणजीतल्या आमच्या फ्रेमच्या दुकानात चित्रांच्या फ्रेमांची रांग लागते. "बुरशी धरली होती, म्हणून ओल्या फडक्याने जरा पुसली," असं कुणी म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. छापील चित्राला पुसल्याने काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. पण पोश्वार, म्हणजे कापलेल्या पत्र्यांच्या साच्यांतून रंगवलेलं चित्र. त्यातले रंग छापलेले नसतात, ते हाताने भरलेले असतात.

पॅरिसच्या कारागिरांची पद्धत अशी: प्रत्येक रंगासाठी जस्ताच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यात आकार कापायचा, पत्रा कागदावर ठेवायचा आणि गोल, आखूड केसांच्या ब्रशने त्यातून रंग भरायचा. एकेका चित्राला 20-30 पत्रेही लागत. रंग बहुतेक वेळा ग्वाश, म्हणजे डिंकात कालवलेला अपारदर्शक जलरंग. डिंक पाण्यात विरघळतो, मग तो कालचा असो की शंभर वर्षांपूर्वीचा.

गेल्या पावसाळ्यात एक ताई ‘गझेट द्यु बाँ ताँ’ या फॅशनच्या मासिकातलं एक पान घेऊन आल्या. हे मासिक 1912 ते 1925 या काळात निघालं. त्याची सुटी पानं आवाक्यातल्या किमतीत मिळतात, त्यामुळे नव्याने संग्रह करणाऱ्यांना आम्ही तिथूनच सुरुवात करायला सांगतो. त्या पानावर निळ्या झग्यातली बाई होती. ताईंनी सोबत फडकंही आणलं होतं. फडक्याचा कोपरा निळा झाला होता आणि झग्याच्या खांद्यावर कोरा कागद दिसत होता. बुरशी मात्र होती तिथेच होती. गेलेला रंग आम्ही परत भरत नाही, कारण भरला की ते चित्र त्या कारागिराचं राहत नाही.

बरेच जण सांगतात, "चित्राला हातच लावला नाही, फक्त काच पुसली." खरी गोम तिथेच आहे. काचेवर फवारा मारला की पाणी ओघळून खालच्या पट्टीत साचतं, तिथून आत शिरतं आणि चित्राची खालची कड चाटून टाकतं. फवारा फडक्यावर मारा, काचेवर नको. फडकं घट्ट पिळून घ्या, काच मधूनच पुसा आणि कडेची दोन बोटं जागा कोरड्या कापडाने पुसून घ्या. बुरशी दिसलीच, तर फ्रेम भिंतीवरून उतरवा, कोरड्या खोलीत आडवी ठेवा आणि तशीच आमच्याकडे आणा. उन्हात ठेवू नका, घरी उघडू नका. ओली बुरशी पुसली की पसरते. ती पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने हलकेच काढावी लागते आणि त्याला दिवस लागतात. आम्ही "दहा दिवसांनी या" म्हणतो ते याचसाठी.

माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट, लावल्याशिवाय आम्ही फ्रेम करून देत नाही, यावरूनही काही गिऱ्हाइकं नाराज होतात. दमट हवेत काचेला टेकलेला ग्वाश काचेला चिकटतो आणि काच काढताना रंग सोबत येतो. माउंटमुळे मध्ये जी फट राहते, तिचेच ते पैसे. चित्राला चिकटपट्टीही आम्ही लावत नाही. मागच्या वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावतो, म्हणजे उद्या गरज पडली तर चित्र सुखरूप सुटतं.

"सही कुठे आहे?" हाही रोजचा प्रश्न. फ्रेंच चित्रकार मातीसच्या ‘जॅझ’ या पुस्तकाचं उदाहरण घ्या. 1947 साली पॅरिसमध्ये प्रकाशक तेरियादने काढलेल्या या पुस्तकात 20 पोश्वार चित्रं आहेत आणि त्यांना मातीसने मूळ चित्रांचे कागद रंगवायला वापरलेलाच ग्वाश वापरला. पुस्तकाच्या 250 प्रतींमध्ये सही एका वेगळ्या पानावर आहे, एकेका चित्रावर नाही. पुस्तकातल्या बहुतेक चित्रांना मधोमध घडी असते. मजकुराशिवाय काढलेल्या 100 संचांतली चित्रं मात्र बिनघडीची. तेव्हा सही नाही म्हणून चित्र खोटं ठरत नाही आणि घडी आहे म्हणून ते खराब ठरत नाही.

भिंगाखाली बघितलं की खरं काय ते कळतं. ऑफसेट, म्हणजे यंत्रावरच्या नेहमीच्या छपाईत रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते. पोश्वारमध्ये सलग, मॅट रंग दिसतो, त्यात ब्रशचे फटकारे दिसतात, आणि पत्र्याच्या कडेला रंग साचून झालेली बारीक धार तिरप्या उजेडात उठून दिसते. दोन रंग जिथे भेटतात तिथे केसभर फट किंवा थोडासा चढ असतो. तो दोष समजू नका, ती हाताची खूण आहे. एवढं बघून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही. विकत घ्यायच्या आधी चित्र दाखवायला आणलंत तर उत्तमच.

मागचा पुठ्ठा आणि त्यावरच्या जुन्या चिठ्ठ्या फेकू नका, फ्रेमसकट आणा. चतुर्थीला भिंतीवर हवं असेल, तर आषाढातच आणून द्या.