शाळेच्या धास्तीची कादंबरी शाळेतच : ‘द मॅरो थीव्ज’मागचा इतिहास

हवामान पार बिघडलेल्या जगात माणसांना स्वप्नं पडेनाशी झाली आहेत. झोप लागते, पण स्वप्न येत नाही, आणि त्यापायी माणसं वेडीपिशी होऊ लागली आहेत. स्वप्न पाहण्याची शक्ती उरली आहे ती फक्त उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींकडे, आणि ती त्यांच्या हाडांतल्या मज्जेत असते असा शोध लागतो. मग त्यांना धरून आणायला माणसं नेमली जातात. धरून आणलेल्यांची मज्जा जिथे काढली जाते त्या इमारतींना कादंबरीत एकच नाव आहे : शाळा.

शेरी डिमलाइन यांची ‘द मॅरो थीव्ज’ (मज्जाचोर) ही कादंबरी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखिका ऑन्टॅरिओतल्या जॉर्जियन बे परिसरातल्या मेटी, म्हणजे मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजातल्या. त्याच वर्षी पुस्तकाला किशोर साहित्यासाठीचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला, अमेरिकेतला कर्कस पुरस्कारही मिळाला, आणि २०१८ मध्ये सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘कॅनडा रीड्स’ या वाचनस्पर्धेच्या अंतिम पाच पुस्तकांत ते होतं. आज कॅनडातल्या अनेक हायस्कूलांत इंग्रजीच्या वर्गात ते वाचलं जातं आणि त्यावर निबंध लिहून घेतले जातात. टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा भागातल्या मराठी घरांतही ते मुलांच्या दप्तरातून पोहोचलं आहे. ‘शेक्सपिअर सोडून हे काय?’ असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्यासाठी मुद्दाम ही पार्श्वभूमी.

कादंबरीतली शाळा ही कल्पनेची भरारी नाही. ऑन्टॅरिओतच ब्रँटफर्डजवळ १८३१ मध्ये मोहॉक इन्स्टिट्यूटमध्ये मूलनिवासी मुलांना वसतिगृहात ठेवायला सुरुवात झाली, आणि ती संस्था १९७० पर्यंत चालली. १८७९ मध्ये निकोलस डेव्हिन यांनी अमेरिकेतल्या अशा शाळा पाहून सरकारला अहवाल दिला. १८८३ पासून पश्चिमेकडच्या मैदानी प्रदेशात सरकारी पैशाने आणि चर्चच्या व्यवस्थापनाखाली निवासी शाळा उभ्या राहू लागल्या. मुलांना आईबापांपासून तोडायचं, त्यांची भाषा विसरायला लावायची, त्यांना इंग्रजी आणि ख्रिस्ती वळण लावायचं, हा हेतू लपवलेला नव्हता. तो सरकारी कागदांवर स्वच्छ लिहिलेला आहे. शेवटच्या शाळा १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाल्या, तोवर दीड लाखांहून अधिक मुलं या व्यवस्थेतून गेली होती.

कित्येक शाळांत अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस काम असे. शेत, गोठा, धुणं, शिवण. घरी पत्र लिहायचं तर इंग्रजीतच लिहायचं, आणि ते शिक्षक आधी वाचणार. ज्या आईबापांना इंग्रजी येत नव्हतं त्यांना आपल्या मुलाचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे, आणि त्यात खरं दुःख उतरलेलं नसेच. इंग्रजीच्या वर्गातल्या लिखाणाचा इतिहास सांगताना मी सुरुवात इथून करीन.

कारण या इतिहासातला एक माणूस इंग्रजीच्या वर्गात आधीपासूनच हजर होता. डंकन कॅम्बेल स्कॉट हे कॅनडाचे नावाजलेले कवी. शालेय आणि महाविद्यालयीन संग्रहांत त्यांच्या कविता पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेल्या. हेच स्कॉट १९१३ ते १९३२ या काळात मूलनिवासी व्यवहार खात्याचे सर्वोच्च अधिकारी होते. १९२० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ७ ते १५ वयाच्या मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं करता येईल अशी तरतूद त्यांनी करवून घेतली. मूलनिवासींचा ‘प्रश्न’च कायमचा संपवायचा आहे, असं त्यांनी संसदीय समितीपुढे उघडपणे सांगितलं. ‘लयाला जाणाऱ्या’ माणसांबद्दल हळव्या कविता लिहिणारा आणि त्यांना लयाला नेण्याची योजना राबवणारा हात एकच होता. कितीतरी वर्षं मुलांनी त्या कवितांतल्या प्रतिमांवर निबंध लिहिले, आणि कवीची नोकरी काय होती हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

त्याच खात्यातले डॉ. पीटर ब्राइस यांचं उदाहरण याच्या अगदी उलट. त्यांनी १९०७ मध्ये पश्चिमेकडच्या शाळांची पाहणी करून क्षयरोग, कोंदट खोल्या आणि मृत्यू यांचा अहवाल दिला. ज्या शाळांनी माहिती पुरवली तिथल्या आजवरच्या विद्यार्थ्यांपैकी २४ टक्के मुलं मरण पावल्याचं त्यात नोंदलं होतं. उपाय ठाऊक होते, पण पैसा खर्च करायची तयारी नव्हती. स्कॉट खात्याचे प्रमुख झाल्यावर ब्राइस यांचं हे काम थांबवण्यात आलं. निवृत्तीनंतर, १९२२ मध्ये, त्यांनी स्वतःच पुस्तिका काढून हा राष्ट्रीय गुन्हा असल्याचं जाहीर केलं. तरीही शाळा पुढे सत्तर वर्षं चालल्या.

मज्जा काढण्याची कल्पना अनेक वाचकांना अतिरंजित वाटते. त्यांनी १९४८ ते १९५२ ही वर्षं पाहावीत. या काळात सहा निवासी शाळांतल्या मुलांवर सरकारी आहारतज्ज्ञांनी पोषणाचे प्रयोग केले. मुलं उपाशी आहेत हे माहीत असूनही काहींना पुरेसं दूध, जीवनसत्त्वं किंवा दातांचे उपचार मुद्दाम दिले गेले नाहीत, म्हणजे तुलना करता येईल. इतिहासकार इयन मॉस्बी यांनी २०१३ मध्ये याची कागदपत्रं प्रकाशात आणली. मुलांच्या शरीराकडे कच्चा माल म्हणून पाहणारी शाळा डिमलाइन यांच्या आधी अस्तित्वात होती.

कादंबरीचा नायक फ्रेंची किशोरवयीन आहे. आधी आई, मग भाऊ गमावून तो उत्तरेकडे पळतो आणि रानात एका छोट्या टोळीला जाऊन मिळतो. ही पळणारी मुलं वाचताना कॅनडातल्या माणसाला चेनी वेंजॅक आठवल्याशिवाय राहत नाही. अनिशिनाबे या मूलनिवासी समाजातला हा १२ वर्षांचा मुलगा ऑक्टोबर १९६६ मध्ये केनोराच्या निवासी शाळेतून निघाला. घर होतं ओगोकी पोस्टला, सुमारे ६०० किलोमीटरवर. अंगावर पातळसं जाकीट. रेल्वेच्या रुळांच्या कडेने चालत असताना थंडीने तो गेला. शाळेत त्याला ‘चार्ली’ म्हणत. त्याचं खरं नाव देशाला नीट कळायलाही कित्येक वर्षं गेली.

इतकं सगळं घडून गेलेलं असताना ‘डिस्टोपिया’ हा भयाण भविष्याच्या कथांचा प्रकार शिकवायचा कसा? शाळेत या प्रकारची ठरलेली मांडणी अशी की लेखक वर्तमानातली एखादी वाईट गोष्ट उचलतो, ती ताणतो आणि भविष्यात नेऊन आपल्याला सावध करतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या विसाव्या शतकातल्या कादंबऱ्या या साच्यात बसतात. मूलनिवासी लेखक आणि विचारवंत इथेच हरकत घेतात. पोटावाटोमी तत्त्वज्ञ काइल व्हाइट यांनी मांडलंय ते थोडक्यात असं : ज्या विनाशाची बाकीचे आता कल्पना करताहेत, तो आमच्या पूर्वजांवर कधीच येऊन गेला, आज आम्ही राहतो ते जगच त्यांचा डिस्टोपिया आहे. अनिशिनाबे अभ्यासक ग्रेस डिलन यांनी २०१२ मध्ये मूलनिवासींच्या विज्ञानकथांचं संकलन काढून या लेखनाची वेगळी परंपरा अधोरेखित केली. त्यात जग बुडणं हा गोष्टीचा शेवट नसतो. बुडाल्यानंतरही आपली माणसं भविष्यात आहेत, हेच तिथे महत्त्वाचं. मला हा फरक सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि वर्गात तो सुटला तर कादंबरी हातून निसटली असंच मी म्हणेन.

हे पुस्तक वर्गापर्यंत पोहोचायला मात्र राजकीय वाट लागली. ११ जून २००८ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी निवासी शाळांबद्दल संसदेत माफी मागितली. या शाळांच्या इतिहासासाठी नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगाने हजारो साक्षी नोंदवून २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यांतली ६२वी शिक्षणाबद्दलची : निवासी शाळा, मूलनिवासींशी झालेले करार आणि त्यांचं योगदान हे विषय बालवाडीपासून बारावीपर्यंत सर्वांना सक्तीचे करा. ऑन्टॅरिओत यावर अभ्यासक्रम लिहिण्याच्या बैठका ठरल्या होत्या; जुलै २०१८ मध्ये नव्या सरकारने त्या ऐन वेळी रद्द केल्या. मे २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या कॅम्लूप्स इथे जुन्या शाळेच्या आवारात रडारच्या तपासणीत निनावी थडग्यांच्या खुणा आढळल्याचं तिथल्या फर्स्ट नेशनने (मूलनिवासी समाजाने) जाहीर केलं, आणि देश हादरला.

ऑन्टॅरिओत अकरावीच्या नेहमीच्या इंग्रजीऐवजी फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इनुइट या तिन्ही मूलनिवासी समूहांच्या लेखनावरचा अभ्यासक्रम घेता येतो. विद्यापीठाच्या प्रवेशाला तोही चालतो. काही स्कूल बोर्डांनी तो सर्वांनाच लागू केला. टोरांटोच्या सरकारी शाळांच्या बोर्डाने तसा ठराव फेब्रुवारी २०२३ मध्ये केला. ब्रिटिश कोलंबियात तर २०२३-२४ पासून हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी मूलनिवासी विषयाचे चार क्रेडिट अनिवार्य आहेत. शेक्सपिअर यामुळे शाळेतून हद्दपार झालेला नाही, तो इतर इयत्तांत आहेच.

आता निबंध. या वर्गांतला निबंध म्हणजे सुरुवातीलाच एक ठाम विधान, मग तीन परिच्छेद, प्रत्येकात पुस्तकातलं अवतरण, आणि शेवटी समारोप. साचा शिकवायला सोपा, तपासायला त्याहून सोपा. पण कादंबरीत ज्ञान असं हातात येत नाही. मीग हा वडीलधारा माणूस शेकोटीपाशी बसून त्यांचा इतिहास टप्प्याटप्प्याने सांगतो. सर्वांत लहान मुलीला, रिरीला, तो ऐकायची परवानगी नसते. ज्या वयात पेलेल त्या वयात तो कळतो. शिवाय प्रत्येकाची इथवर पोहोचण्याची स्वतःची गोष्ट असते, आणि ती त्याने स्वतः सांगेपर्यंत कोणी विचारायची नाही असा टोळीचा नियम. जी गोष्ट ज्याची, ती त्याने सांगायची.

हा नियम निबंध देणाऱ्या शिक्षकांनी मनावर घ्यावा असा आहे. आपण मराठी शाळांत ‘मी नदी बोलतेय’ छापाचे आत्मकथनात्मक निबंध लिहिलेले. त्यामुळे ‘तू निवासी शाळेतला मुलगा आहेस अशी कल्पना करून रोजनिशी लिही’ हा गृहपाठ आपल्याला वावगा वाटणार नाही. पण ज्यांचे आजीआजोबा खरोखर तिथे होते त्या मुलांशेजारी बसून ते दुःख कल्पनेने अंगावर घ्यायचं, हे योग्य नाही. त्यांनाच उभं करून ‘तुझ्या घरचा अनुभव सांग’ म्हणणं त्याहून वाईट. साक्षी आधीच छापलेल्या आहेत. आयोगाने २०१५ मध्ये निवासी शाळांतून जिवंत बाहेर पडलेल्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत स्वतंत्र खंडात प्रसिद्ध केलं. ब्राइस यांची पुस्तिका उपलब्ध आहे, स्कॉट यांच्या कविताही. या तिन्हींसमोर कादंबरीतलं मीगचं कथन ठेवून, कोण कोणाबद्दल आणि कोणत्या अधिकाराने बोलतंय असा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलाला विचारला, तर ‘जगण्याची जिद्द’ या विषयावरच्या गुळगुळीत निबंधापेक्षा बरंच काही हाती लागेल.

एक पेच मात्र सुटत नाही, आणि शिक्षकाने तो मुलांपुढे उघड मांडावा. कादंबरीत टोळीतल्या मिनर्वा या म्हाताऱ्या बाईला आपल्या लोकांची भाषा येते. मुलं तिच्याकडून एकेक शब्द मिळवतात आणि जपतात. तिला पकडून शाळेतल्या यंत्रांना जोडतात, तेव्हा ती आपल्या भाषेत गाऊ लागते, आणि त्या भाषेतल्या स्वप्नांपुढे ती शाळा टिकत नाही. या प्रसंगावरचा निबंध लिहायचा असतो इंग्रजीत, शाळेत, गुणांसाठी. काही शिक्षक लेखी निबंधाऐवजी तोंडी कथनालाही तेवढेच गुण देतात.