मणका ‘बसवणं’ म्हणजे नेमकं काय? उपचार घेण्याआधी हे वाचा

“मणका सरकलाय, तेवढा बसवून द्या.” आम्ही ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे हातांनी सांधे आणि स्नायूंवर करायचे उपचार देतो. आमच्याकडे येणारे बरेच जण सुरुवात याच वाक्याने करतात. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची आपल्याकडे जुनी रीत. हाडवैद्यही आहेतच. त्यामुळे जागचं हललेलं हाड कुणीतरी जागेवर आणतं, ही समजूत मनात घट्ट बसलेली असते.

ऑस्टिओपॅथीची सुरुवातही अशाच समजुतीतून झाली. अमेरिकेतले डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांची तीन मुलं १८६४ साली मेनिंजायटिसने गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. हाडांची ठेवण बिघडली की रक्तप्रवाह अडतो आणि त्यातून आजार होतात, असं त्यांनी १८७४ मध्ये मांडलं. १८९२ मध्ये कर्क्सविल गावात त्यांनी कॉलेज काढलं. शरीररचना बारकाईने शिकायची, हातांनी नीट तपासायचं, ही त्यांची शिस्त आम्ही आजही पाळतो. सगळ्या आजारांचं मूळ हाडांत असतं, हे मात्र आम्ही मानत नाही. म्हणून मधुमेह, दमा किंवा बीपीसाठी आम्ही उपचार देत नाही.

आता चकतीबद्दल. दोन मणक्यांमधली चकती वरच्या आणि खालच्या हाडाला चिवट तंतूंनी घट्ट जोडलेली असते. ती निसटून बाजूला जात नाही. ती फुगते, किंवा तिचं कडं फाटून आतला मऊ भाग बाहेर येतो. तो नसेवर दाबला गेला तर पायात कळ जाते. हाताने दाबून तो आत ढकलता येत नाही. उपचाराच्या वेळी ‘कट्’ असा आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा, हाड बसल्याचा नव्हे. आवाज आला नाही तरी उपचार वाया गेला असं समजू नका.

एमआरआयचा रिपोर्ट वाचूनही घाबरू नका. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांची चकती फुगलेली होती.

मग या उपचाराने फरक पडतो का? थोडा पडतो. फ्रान्समध्ये जुनाट नसलेल्या आणि जुनाट अशा दोन्ही कंबरदुखीच्या ४०० रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. निम्म्यांना खरा उपचार, निम्म्यांना नुसता हलका स्पर्श. खऱ्या उपचाराने हालचाल किंचित जास्त सुधारली, पण तेवढ्याने रोजच्या जगण्यात फरक पडेल का, याची शंका संशोधकांनीच नोंदवली. कोणते उपचार द्यावेत याचं मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०१६ ची शिफारसही तशीच आहे: हातांचे उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच.

आम्ही तेच करतो. हातांनी दुखणं काही काळ हलकं होतं, आखडलेले स्नायू सैलावतात, वाकायची भीती कमी होते. त्या वेळात तुम्हाला चालायला, वाकायला, वजन उचलायला शिकवणं हे आमचं खरं काम. चार भेटींत फरक जाणवला नाही तर आम्ही स्वतःच थांबवू आणि डॉक्टरांकडे पाठवू. मानेला झटका देणं आम्ही पूर्ण टाळतो.

लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, मांड्यांमधला भाग बधिर झाला, पायातली ताकद कमी होत चालली, तर आमची अपॉइंटमेंट घेऊ नका. त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलात जा.

एरवी येताना सैल कपडे घाला. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी आणा, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आवर्जून सांगा.