कच्च्या वाटेवर वेग किती ठेवायचा?

आमच्याकडून फोर-बाय-फोर गाडी घेऊन घाटमाथ्यावर, कोकणातल्या सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर) किंवा देशावरच्या शेतवाटांवर जाणाऱ्यांनी निघण्याआधी हे पत्रक वाचावं. वेगाचा एकच आकडा सगळीकडे चालत नाही. तो दर वळणाला ठरवावा लागतो, आणि तो ठरवायचा कसा हे शिकता येतं.

पहिला नियम थांबण्याचा. जेवढी वाट स्पष्ट दिसते, तिच्या निम्म्या अंतरात गाडी उभी राहिली पाहिजे. वाट एकेरी असते आणि समोरून ट्रॅक्टर आला तर उरलेलं निम्मं अंतर त्याला लागतं. ताशी ३० किलोमीटरला ब्रेक दाबल्यावर गाडी कोरड्या डांबरावर साधारण ५ मीटरमध्ये थांबते, सुट्या खडीवर १० आणि ओल्या चिखलात १७-१८ मीटर घेते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर त्यात ८ मीटर आधीच गेलेले असतात. चिखलात ही बेरीज २५ मीटरच्या वर जाते. ताशी १५ ला तीच बेरीज ९ मीटरच्या आत येते, कारण वेग निम्मा केला की ब्रेकचं अंतर चौथ्या हिश्श्यावर येतं.

फोर-बाय-फोर लावल्याने हे अंतर कमी होत नाही. ब्रेक साध्या गाडीतही चारही चाकांना असतात. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी चिखलातून सहज निघते, म्हणून पकड चांगली आहे असं वाटतं आणि वेग वाढतो. याच भ्रमात गाड्या बांधाला धडकतात.

जमीन ओळखा. मुरुमाची वाट पावसातही बरी असते. काळ्या जमिनीचं तसं नाही: ओली झाली की ती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते. वापसा आल्याशिवाय, म्हणजे जमीन पुरेशी सुकल्याशिवाय, तिथे जाऊ नका. सड्यावर पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं. तिथे माणसाच्या चालीने चला आणि ब्रेक, स्टिअरिंग दोन्ही हळुवार वापरा. बैलगाड्यांनी खोल केलेल्या चाकोरीत गाडी घातली असेल तर मध्येच बाहेर काढायला स्टिअरिंग जोरात फिरवू नका. कडेला मऊ जागा आली की पुढचं चाक एकदम पकड घेतं आणि गाडी आडवी होते. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, दगडाच्या झटक्याने चाक फिरलं तर ते मुरगळतात.

सगळ्यांत जास्त चुका उतारावर होतात. उतार सुरू होण्याआधीच गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून गिअर न्यूट्रलला घ्या, फोर-बाय-फोरचा लीव्हर फोर-लोवर (चारही चाकांना ताकद, वेग कमी आणि जोर जास्त) न्या आणि पहिला गिअर टाका. मग क्लचवरून पाय काढा आणि तो परत तिथे नेऊ नका, कारण क्लच दाबला की इंजिनचा आवर सुटतो आणि गाडी मोकळी पळते. ब्रेक लागलाच तर अगदी हलका. मागचा भाग बाजूला सरकू लागला तर ब्रेक सोडा, ज्या बाजूला तो सरकतोय त्याच बाजूला स्टिअरिंग द्या आणि किंचित अ‍ॅक्सिलरेटर द्या; चाकं फिरू लागली की गाडी सरळ होते. चढावर गाडी अडली तर तिथे वळवायचा प्रयत्न करू नका. रिव्हर्स टाकून आल्या रेषेतच सरळ खाली या. आडव्या उतारावर गाडी घसरली तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने वळवा. मनाविरुद्ध वाटतं, पण वरच्या बाजूला वळवलेली गाडी उलटते.

ओढा आधी पायी पाहा. पाणी वाहतं आणि गुडघ्याला लागतंय तर परत फिरा. डोंगरात वर पाऊस पडत असेल तर थोडं पाणी असलं तरी थांबा, लोंढा मिनिटांत येतो. जायचंच असेल तर फोर-लो, पहिला गिअर, चालण्याचा वेग, मध्ये गिअर बदलायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी तशीच ठेवा, आम्हाला फोन करा.

टायरची हवा आम्ही ३२ पीएसआयला देतो. दगडगोट्यांवर ती २४, खोल चिखलात २० पर्यंत उतरवायला हरकत नाही. १५ च्या खाली मात्र नाही, वळताना टायर रिमवरून निसटतो. हवा कमी असताना ताशी ४० च्या वर जाऊ नका.

डांबरावर परतताना टू-व्हील लावा, गाडीतल्या पंपाने हवा पुन्हा ३२ करा आणि हळू चालवत ब्रेक दोन-तीनदा दाबून सुकवा. ताशी ६० ला स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुतेक वेळा रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळलेला असतो. काठीने खरवडून काढा. तरीही थरथर राहिली तर तशीच पुढे नेऊ नका, आम्हाला कळवा.