वेढणी ते वायर-रॅप: तारेच्या अंगठीची पार्श्वभूमी

गेल्या काही वर्षांत मुंबईत हस्तकलेच्या प्रदर्शनांत तांब्याच्या तारेत खडा गुंडाळलेल्या अंगठ्या बऱ्याच दिसतात. शिकणाऱ्यांच्या तोंडी नाव ‘वायर रॅपिंग’ असतं आणि हा छंद परदेशातून आला असं सगळे धरून चालतात. माझ्या आत्याच्या बोटात मात्र वेढणी असायची. एक जाडसर सोन्याची तार बोटाभोवती तीनदा फिरवलेली, बस्स. वेढणे या क्रियापदावरूनच नाव पडलेलं. ‘रॅप्ड रिंग’चं भाषांतर करायला बसलो तर ह्याहून चांगला शब्द सापडणार नाही.

वेढणी घरोघर टिकली ती नक्षीमुळे नाही, हिशोबामुळे. दागिन्याचा जोड सांधायला सोनार डाख लावतो आणि डाखात सोनं कमी कसाचं असतं. दागिना मोडीत घालताना त्याची घट धरतात. वेढणीला जोडच नाही, मग डाख कुठला? जेवढं वजन तेवढं सोनं. जानेवारी 1963 मध्ये सोने नियंत्रण आलं, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, आणि 14 कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी झाली. बंदी काही वर्षांत सैल झाली, पण 1968 चा नियंत्रण कायदा 1990 पर्यंत राहिला. चोख सोन्याच्या वेढणीला खरा फटका बसला तो त्या सुरुवातीच्या वर्षांत. झवेरी बाजारातल्या कारागिरांच्या हातांना काम उरलं नाही ते वेगळंच.

डाखाशिवाय दागिना, म्हणजे आगीशिवाय दागिना. या कलेचं मूळ तिथे आहे, आणि नवशिक्याला ती जमते तीही त्यामुळेच. इराकमधल्या उर इथल्या राजदफनभूमीत (उत्खनन 1922 ते 1934, लिओनार्ड वूली) सोन्याच्या तारेची वेटोळी सापडली. स्त्रिया ती केसांत घालत. वय साधारण साडेचार हजार वर्षं. तिथल्याच माळांमध्ये तांबड्या अकीकाचे लांबट मणी होते, आणि ते सिंधू संस्कृतीच्या प्रदेशातून गेलेले. आज भुलेश्वरला मण्यांच्या दुकानात खंबायतचा अकीक हातात घेतला की मला ती माळ आठवते.

तेव्हाची तार मात्र आजच्यासारखी ओढलेली नसे. सोन्याचा पत्रा ठोकून त्याच्या अरुंद पट्ट्या कापायच्या आणि पीळ देत, लाटत गोल करायच्या. भिंगाखाली पाहिलं तर अशा तारेवर मळसूत्रासारखी शिवण दिसते. पोलादी पट्टीतल्या क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांतून तार ओढण्याची पद्धत सर्रास झाली ती खूप नंतर.

आपल्याकडे ही कला सर्वात सुंदर उतरली ती नथीत. मोत्याला आच सोसत नाही. सोन्याच्या जोडासाठी लागणारी ज्योत जवळ नेली तर मोती गेलाच म्हणायचा. म्हणून मोती बारीक तारेत ओवायचा आणि ती तार मुख्य तारेला घट्ट वेढत न्यायची. कुडीतल्या मोत्यांचं फूलही असंच बांधतात. जुनी नथ उलटी करून पाहा. पुढून मोती दिसतात, मागून तारेचे वेढे, एकाला एक चिकटून. वर्गात जे ‘टाइट कॉइल’ म्हणून शिकवतात ते हेच.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत या तंत्राला कलाकारांची प्रतिष्ठा मिळाली. शिल्पकार अलेक्झांडर कॉल्डर (1898–1976) यांनी सुमारे 1800 दागिने केले, बहुतेक पितळेची किंवा चांदीची तार हातोडीने चपटी करून, डाख जवळपास टाळून. 1955 मध्ये ते वास्तुरचनाकार गीरा साराभाईंच्या निमंत्रणावरून अहमदाबादला आले आणि तिथे शिल्पांबरोबर काही दागिनेही घडवले. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत रस्त्याकडेला बसून तार वळणारे तरुण दिसू लागले. पक्कड, तार, दोन-चार खडे एवढ्यात दुकान थाटता येतं, मग आणखी काय हवं?

मुंबईतल्या दीड खोलीतही तेवढंच पुरतं. साधारण 40 सेंटीमीटर तार घ्यायची, मधोमध मणी ओवायचा. बोटाच्या मापाच्या मार्करवर तार दोनदा फिरवायची, दोन्ही टोकं मण्याभोवती भोवऱ्यासारखी वळवायची, मग बाजूला तीन-चार वेढे देऊन कापायची आणि टोक आत दाबायचं. टोक दाबायला विसरलात तर पहिल्याच दिवशी ओढणीला ओढ बसते. एकच तार पुन्हा पुन्हा सरळ करून वापरू नका. तांबं वाकवलं की ताठ होतं आणि शेवटी तुटतं. सोनार ते तापवून पुन्हा मऊ करतो, पण ओट्यावर तो खटाटोप कशाला? बोट हिरवं पडलं तर घाबरू नका. घामाने तांब्याचे क्षार तयार होतात, साबणाने जातात.

खरा घोळ होतो गेजचा, म्हणजे तारेची जाडी सांगणाऱ्या आकड्याचा. आकडा वाढतो तशी तार बारीक होते, कारण मुळात हा आकडा तार किती भोकांतून ओढली ते सांगायचा. शिवाय मोजमापं दोन आहेत. अमेरिकेचं 1857 मध्ये ब्राउन अँड शार्प कंपनीने बसवलं. ब्रिटिशांचं एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) 1884 पासून कायदेशीर झालं, आणि मुंबईच्या लोहार चाळीतल्या वाइंडिंग वायरच्या, म्हणजे मोटारीत गुंडाळायच्या तांब्याच्या तारेच्या, रिळांवर आजही तेच चालतं. अमेरिकन व्हिडिओतली 20 गेजची तार 0.81 मिलिमीटर असते, आपल्या रिळावरची 20 ची 0.91. फरक कागदावर किरकोळ, पण पक्कड धरलेल्या अंगठ्याला लगेच कळतो. व्हिडिओत 20 सांगितली असेल तर इथे 21 मागायची. नाहीच मिळाली तर 22 घ्या, पहिल्या अंगठीला ती चालते.