परेरा आडनाव आणि वाय गुणसूत्राची साक्ष

पंधराव्या शतकाच्या अखेरीस आयबेरियातून परागंदा झालेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देण्याची तरतूद पोर्तुगाल आणि स्पेन या दोन्ही देशांनी २०१५ साली केली आणि इंटरनेटवर ‘ज्यू आडनावां’च्या याद्यांना ऊत आला. त्यांत परेरा हमखास असते. झाडाच्या नावावरून पडलेले आडनाव बाटलेल्या ज्यूंचेच असणार, असा त्यामागचा तर्क आहे. परेरा म्हणजे पेअरचे झाड हे खरे. परंतु आडनाव आले ते पोर्तुगालमधील त्या नावाच्या ठिकाणांवरून. १३८५ साली अल्जुबारोटाच्या लढाईत शेजारच्या कास्तील राज्याच्या फौजेचा पराभव करणारा पोर्तुगीज सेनापती नूनो आल्वारेस परेरा याच्या घराण्यात ते होतेच, आणि पोर्तुगालमधील ज्यूंचे सक्तीचे धर्मांतर झाले ते १४९७ साली. धर्मांतरितांनी भोवतालच्या ख्रिस्ती समाजातली रूढ आडनावे उचलली, म्हणून काही परेरा ज्यू वंशाचे असू शकतील. मात्र नुसत्या आडनावावरून तसे ठरवता येत नाही.

मग कशावरून ठरते? वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, आणि त्याचा बहुतेक भाग एक्स गुणसूत्राशी अदलाबदल न होता तसाच उतरतो. या गुणसूत्रावर काही ठिकाणी डीएनएचा एकच छोटा तुकडा, समजा जी-ए-टी-ए या चार अक्षरांचा, ओळीने अनेकदा येतो. बापाकडे तो १४ वेळा असेल, तर मुलाकडेही जवळजवळ नेहमीच १४ वेळा असतो. नक्कल होताना क्वचित चूक होते आणि १३ किंवा १५ होतात. अशा एका जागी हा बदल ढोबळमानाने ५०० पिढ्यांत एकदा घडतो. आता १७ जागा तपासल्या आणि दोन पुरुषांचा समान पूर्वज १५ पिढ्यांमागे असला, तर दोन्ही शाखा मिळून ३० पिढ्या होतात. १७ गुणिले ३० भागिले ५००, म्हणजे सरासरी एका जागी फरक अपेक्षित आहे. सात-आठ जागी फरक निघाला, तर आडनाव एक असूनही मूळपुरुष एक नाही, असे समजावे.

स्पेनमधील अशा पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दुर्मीळ आडनावांचे पुरुष बरेचदा एकाच पितृवंशाचे निघाले, तर अतिप्रचलित आडनावांत पितृवंशांची सरमिसळ आढळली. परेरा हे पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये अतिशय प्रचलित आहे. शिवाय पोर्तुगालमध्ये आडनाव बापाकडूनच यावे असा दंडक पूर्वी नव्हता. आईचे, आजीचे, धर्मपित्याचेही (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्याचेही) आडनाव मुलाला लागे, आणि तिथेच गुणसूत्राची व आडनावाची वाट वेगळी होई. एका आडनावावर घराण्याचे कुलचिन्ह छापून विकणारे दुकानदार हे सांगत नाहीत, आणि ग्राहकाची ती शुद्ध फसवणूक आहे.

समुद्रापार तर रक्ताचा संबंध नसतानाही आडनाव पसरले. ब्राझीलमध्ये गुलाम आफ्रिकनांना आणि मूलनिवासींना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनावे मिळाली. श्रीलंकेत त्याचेच पेरेरा झाले. गोव्यात, तसेच १५३४ ते १७३९ पोर्तुगीज अंमल असलेल्या वसईत, धर्मांतरितांना अनेकदा पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव लागले. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. गोवा, कुमठा आणि मंगळूर येथील रोमन कॅथलिकांचे जनुकीय नाते मुख्यतः गौड सारस्वतांच्या जुन्या शाखेशी जुळते, असे त्यात दिसले. वसईतल्या वा मडगावातल्या एखाद्या परेरांना आपले मूळ शोधायचे असेल, तर लिस्बनच्या सरदारांच्या वंशावळीपेक्षा गावच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंदवही आधी उघडावी.