आठवा क्रमांक खरंच आठवा होता का?

एप्रिल २०२३ मध्ये मायामी हीट हा बास्केटबॉल संघ एनबीए या अमेरिकी लीगच्या प्लेऑफआधीच, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांआधीच, जवळजवळ गारद झाला होता. पात्रतेच्या पहिल्या सामन्यात अटलांटाने त्यांना त्यांच्याच मैदानावर हरवलं. मग शिकागोला नमवून पूर्व विभागातली आठवी, म्हणजे शेवटची जागा कशीबशी पदरात पडली. समोर होता ५८ सामने जिंकलेला मिलवॉकी. हीटचे विजय ४४, आणि हंगामभरात त्यांनी केलेल्या गुणांपेक्षा प्रतिस्पर्ध्यांना दिलेले गुण जास्त! तरीही त्यांनी मिलवॉकीला ४-१, न्यूयॉर्कला ४-२ आणि बॉस्टनला ४-३ असं हरवून अंतिम फेरी गाठली.

जिद्दीच्या कथा आपण ऐकतोच. हीटच्या जिमी बटलरने मिलवॉकीविरुद्ध एका सामन्यात ठोकलेले ५६ गुण कोण नाकारणार? पण मला यातलं गणित जास्त खुणावतं.

प्लेऑफमधली सात सामन्यांची मालिका (आधी चार जिंकेल तो पुढे) दुबळ्या संघाच्या मुळावरच येते. एक सामना जिंकायची शक्यता ४० टक्के असेल, तर मालिका जिंकायची शक्यता उरते जेमतेम २९ टक्के. १९८४ ते २०२३ या काळात आठव्या क्रमांकाचे ८० संघ प्लेऑफमध्ये उतरले आणि पहिली फेरी ओलांडली फक्त सहांनी. गंमत पुढेच आहे. त्या सहांपैकी दोन संघ थेट अंतिम फेरीत पोचले.

हे प्रमाण इतकं वाढतं कसं? कारण क्रमांक हेही एक मोजमाप आहे आणि त्यात चूक असतेच. नाणं ८२ वेळा उडवलं तर छापा सरासरी ४१ वेळा पडेल, पण चार-पाचने इकडेतिकडे होणं अगदी सहज. ८२ सामन्यांच्या हंगामालाही हेच लागू. पहिली फेरी ओलांडणारा आठवा संघ बहुधा मुळात आठव्या दर्जाचा नसतोच. १९९९ मध्ये अंतिम फेरीत गेलेल्या न्यूयॉर्कचा क्रमांक तर, मालक-खेळाडू वादामुळे, अवघ्या ५० सामन्यांवर ठरला होता.

हीटचंही तेच. आदल्या वर्षी ५३ विजयांसह ते पूर्व विभागात पहिले होते आणि थ्री-पॉइंटरमध्ये (लांबून मारलेल्या, तीन गुणांच्या फेकीत) ३७.९ टक्के नेमाने अख्ख्या लीगमध्ये अव्वल. पुढच्या हंगामात बरेचसे तेच नेमबाज ३४.४ टक्क्यांवर घसरले. नेम एका वर्षात इतका बिघडतो? थोडा बिघडला असेल, उरलेलं दुर्दैव. मिलवॉकीविरुद्ध तोच आकडा ४५ वर गेला, हे अर्थात उलट्या बाजूचं नशीब. शिवाय मिलवॉकीचा हुकमी खेळाडू यानिस पाठीच्या दुखापतीने दोन सामने बाहेर बसला.

बॉस्टनविरुद्ध ३-० अशी आघाडी हीटने घालवली. सहाव्या सामन्यात तर बॉस्टनच्या डेरिक व्हाइटने शेवटच्या क्षणी, घड्याळात एका सेकंदाचा दहावा भाग उरला असताना, चेंडू टोपलीत ढकलला आणि मालिका ३-३ झाली. सातवा सामना बॉस्टनमध्ये. पहिल्या क्वार्टरमध्ये बॉस्टनचा एकही थ्री-पॉइंटर बसला नाही; सामनाभरात ४२ पैकी ९. हंगामातल्या त्यांच्या ३७.७ टक्क्यांनुसार साधारण १६ बसायला हवे होते. नऊ किंवा त्याहून कमी बसण्याची शक्यता निघते दोन टक्क्यांच्या आसपास. हीटचा बचाव आणि बॉस्टनचा हुकमी खेळाडू टेटमचा सुरुवातीलाच मुरगळलेला घोटा या हिशेबात धरलेलाच नाही. पण दोन टक्के म्हणजे ८२ सामन्यांत एक-दोनदा येणारी रात्र.

अंतिम फेरीत मात्र डेन्व्हरने हीटला ४-१ असं गुंडाळलं. डेन्व्हर पश्चिम विभागात पहिला होता, आणि तो क्रमांक बरोबर मोजला गेला होता असं दिसतं.