बँकेचा सीएसआर आणि बँकेचं ईएसजी यात लोक कायम गल्लत करतात

बँकेने शाळेला कॉम्प्युटर दिले, टेकडीवर झाडं लावली की लगेच लोक म्हणतात, या बँकेचं ईएसजी भारी आहे. नाही हो, तो सीएसआर (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी) झाला; ईएसजी म्हणजे एन्व्हायर्नमेंट, सोशल, गव्हर्नन्स, ते वेगळं.

सीएसआर म्हणजे नफा झाल्यावर त्यातून समाजासाठी केलेला खर्च. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. आदल्या वर्षी नेट वर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. पण त्यातला एक नियम कुणी सांगत नाही: रोजच्या धंद्यातलं काम यात धरत नाहीत. म्हणजे बँकेने सोलर पंपासाठी कर्ज दिलं तर काम कितीही चांगलं असू दे, ते सीएसआर नाही. कारखान्याने स्वतःचं सांडपाणी शुद्ध केलं तर तेही नाही, ते तर कायद्याने करायलाच लागतं.

ईएसजी बरोबर तिथून सुरू होतं, रोजच्या धंद्यातून. पैसा कमावताना पर्यावरणाचं, माणसांचं काय झालं आणि कारभार कसा चालला, हे बघायचं. याची माहिती कंपन्या जाहीर करतात तो सेबीचा बीआरएसआर रिपोर्ट २०२२-२३ पासून मार्केट कॅपने (शेअर बाजारातल्या एकूण किमतीने) पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना सक्तीचा झाला, त्यात मोठ्या लिस्टेड बँकाही आल्या.

आता बँकेचं वेगळेपण बघा. शाखेतले एसी आणि जनरेटर मिळून धूर तो किती, खरा धूर निघतो तो बँकेने ज्याला कर्ज दिलंय त्या सिमेंटच्या किंवा स्टीलच्या कारखान्यातून, आणि तो मोजतात स्कोप ३ मध्ये (स्वतःच्या कामाबाहेर, ग्राहक-पुरवठादारांकडून निघणारा धूर), जो बीआरएसआरमध्ये ऐच्छिक आहे! बँकांना तरी हा आकडा सक्तीचा हवा असं मला मनापासून वाटतं, कारण देशात कर्ज वाढत जाणार आणि ते कुठे जातं त्यावरच पुढची हवा-पाणी ठरणार.

आणि शेवटचं अक्षर जी, म्हणजे कारभार. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त १००० रुपये काढता येत होते, म्हातारी माणसं शाखेबाहेर रडत होती. एकाच बिल्डर ग्रुपला दिलेलं प्रचंड कर्ज लपवलं होतं. ती सहकारी बँक, तिला ना कलम १३५ लागू ना बीआरएसआर, पण ईएसजी कशाशी खातात ते याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही.

ग्रीन डिपॉझिटही सीएसआर नाही बरं का. रिझर्व्ह बँकेचे त्याचे नियम १ जून २०२३ पासून आहेत, ठेवीवर व्याज मिळतं आणि बँकेने ते पैसे सौरऊर्जेसारख्या ठरलेल्या कामांतच घालायचे असतात.

तुमच्या बँकेचं बघायचं असेल तर तिच्या वेबसाइटवर बेसल ३ डिस्क्लोजर (बँकेने आपल्या जोखमीबद्दल जाहीर केलेली माहिती) उघडा, कोणत्या उद्योगाला किती कर्ज दिलंय त्याचा तक्ता असतो. मी झाडं लावतानाचे फोटो नंतर बघतो, आधी तो तक्ता.